न मापलेलं वजन

ललित इंगळेला यंत्राशी बोलता येई, माणसांशी बोलायची मात्र बोंब. अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं काढली, पण कँटीनवाल्याला 'साखर कमी टाक' एवढं सांगायची छाती झाली नाही. चार वर्षं मुकाट्यानं पाकासारखा चहा प्याला. चांदूर बाजारचं पोट्टं, आणि बाप तिथल्या बाजार समितीत मापारी. कास्तकाराचा माल काट्यावर चढवायचा आणि आकडा मोठ्यानं पुकारायचा, हे पंजाबराव इंगळेंचं काम. व्यापारी तोंड वाकडं करो की कास्तकार गयावया करो, पंजाबराव एकच म्हणत, "डोयानं माल पाहाचा, काट्यानं मापाचा." अशा बापाच्या घरी जन्मून या पोरानं काय दिवे लावले ते आता ऐका.

शेवटच्या वर्षाला दहाबारा पोरांनी मिळून एक गाडी बांधायला घेतली होती. गाडी कसली, पाइपांचा सांगाडा, चार चाकं आणि मागं मोटरसायकलचं इंजिन. नंबर प्लेट नाही, दिवे नाहीत, हॉर्न नाही. ती रस्त्यावर आणायचीच नव्हती, फक्त ट्रॅकवर पळवायची होती. अकोल्याच्या एका कॉलेजनं डांबर टाकून तसा ट्रॅक केला होता आणि शर्यतही तिथंच होणार होती. गाडीचं वजन अवघं दीडशे किलो. टीमचा कप्तान होता शाकीब, अकोल्याचाच, मनाचा साफ आणि तोंडाचा फाटका. गाडी चालवणार होती पायल गावंडे. ही अंजनगाव सुर्जीची, विद्यापीठाच्या कबड्डी टीममधली, घरचा ट्रॅक्टर फिरवत मोठी झालेली. ड्रायव्हर निवडताना तिनं सगळ्या पोरांना धूळ चारली होती. त्यानंतर मागच्या बाकावरचे दोघंतिघं तिला 'ट्रॅक्टर' म्हणायला लागले. तोंडावर नाही, पाठीमागं. असे लोक असतातच.

ललितकडे सस्पेन्शन आलं. चाक आणि गाडी यांच्यामधे स्प्रिंगा आणि शॉकअप असतात, ते कसे निवडायचे हे त्यानं ठरवायचं. शाकीबचं म्हणणं, "रेसची गाडी हाये बे, एकदम कडक पायजे!" आणि काय सांगू, जन्मात पहिल्यांदा ललित भांडला. टीमच्या सरांसमोर फळ्यावर आकडे मांडून भांडला. "गाडीच हलकी हाये. कडक स्प्रिंग दाबाले वजनच नाही तिच्यात. जरासा उंचवटा आला का चाक उडन, रस्ता सोडन. नरम घ्या." सरांना पटलं. शाकीबही म्हणाला, "चल भाई, तू जीता." त्या दिवशी पोट्टा असा फुगला होता की विचारू नका.

पण नरम म्हणजे किती नरम? जास्त नरम झाली तर गाडीचं पोट जमिनीला घासणार. ते ठरवायला एक आकडा पाहिजे होता, ड्रायव्हरचं वजन. मोठ्या कारमधे चालवणारा पन्नासचा काय आणि ऐंशीचा काय, फारसा फरक पडत नाही. दीडशे किलोच्या गाडीत बसणारा माणूस म्हणजे अर्धी गाडीच की हो.

"मंग इचार ना तिले," शाकीब म्हणाला.

ललित गेला. पायल कँटीनमधे पोहे खात बसली होती.

"पायल..."

"काय?"

"तुहं... हेल्मेट कोनत्या मापाचं लागते?"

"मोठं."

"अन् बूट?"

"आठ नंबर. अजून काही?"

"नाही. बस."

झालं! मुलीला वजन कसं विचारायचं? तिला वाटायचं, हाही त्या 'ट्रॅक्टर'वाल्यांतलाच. आणि खरं सांगायचं तर त्या शब्दावर एकदा तोही हसला होता. फार नाही, थोडंसंच, पण हसला होता. मग त्यानं काय केलं? घरच्या बहिणीचं वजन अठ्ठेचाळीस. त्यात उदार मनानं दोन किलो टाकले आणि पायलचे पन्नास धरले. मापाऱ्याच्या पोरानं! त्या हिशेबानं स्प्रिंगा आल्या, बसल्या. पायल तेव्हा कबड्डीच्या स्पर्धेला बाहेरगावी होती, म्हणून कॉलेजच्या मैदानावर ललितनंच गाडी चालवून पाहिली. लोण्यासारखी चालली. चालणारच, तो स्वतः बावन्न किलोचा.

मग सगळे अकोल्याला गेले, सरावाला. पायल हेल्मेट घालून सीटवर बसली, आणि बाजूला उकिडवा बसलेल्या ललितनं पाहिलं, गाडीचं पोट खाली आलं. चार बोटं जागा राहायला पाहिजे होती, दोनच राहिली. तेव्हाच 'थांबा' म्हणायचं होतं. तो उठून बाजूला झाला, आणि शाकीबनं निघायची खूण म्हणून हात खाली केला.

दुसऱ्याच वळणावर ट्रॅकला जरा उंचवटा होता. खर्रर्र आवाज झाला, गाडी पोटावर घासली, मागची बाजू सुटली आणि ती रचून ठेवलेल्या टायरांत जाऊन बसली. पायल उतरली. कोपर खरचटलं होतं.

शाकीब धावत आला तो ओरडतच. "अबे काय करून राहिली तू? हे काय वावर हाये का ट्रॅक्टर फिरवाले?"

पोरं फिस्सकन हसली. पायलचं तोंड लालबुंद झालं. "गाडी खाली घासून राहिली," ती म्हणाली.

शाकीब वळला. "ललित, सस्पेन्शनमधी काही गडबड हाये काय?"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. फळ्यावर जिंकलेला तो दिवस, सरांनी पाठीवर ठेवलेला हात, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

"मी चालवली तवा तं बरोबर चालली," ललित म्हणाला.

वाक्य खरं होतं, अक्षर न् अक्षर खरं. आणि इतकं खोटं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

पायलनं खाली पाहिलं. "मंग माह्यंच चुकलं असन. ब्रेक उशिरा मारला असन मी."

"जाऊ दे," शाकीब म्हणाला. "शर्यतीत ललितच चालवन आता."

म्हणजे बघा, चूक यानं केली, बोलणी तिनं खाल्ली, आणि वरून तिची जागाही याच्या पदरात पडली. परतीला पिकअपमधे दोघं गाडीजवळ बसले होते, दोरी धरून. मूर्तिजापूर मागं पडल्यावर पायलनं विचारलं, "ललित, त्या वळनावर तू असता तं कशी काढली असती? सांग ना मले."

"ब्रेक... जरा आधीच माराचा," तो म्हणाला.

तिनं मान डोलावली, शाळेतल्या पोरीसारखी, मनावर घेऊन. धरणीमायनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. पण रस्ता चांगला होता, गाडी धावत राहिली, आणि अमरावती येईपर्यंत तो काहीच बोलला नाही.

शनिवारी तो घरी गेला. बाबा बाजार समितीच्या यार्डातच असणार म्हणून थेट तिकडं. तुरीची आवक जोरात होती. पंजाबरावांनी त्याला लांबूनच पाहिलं आणि हाळी दिली, "आला पाहा आमचा ललित! रेसमधी गाडी चालवून राहिला बरं!" ड्रायव्हर बदलल्याचं त्यानं फोनवर सांगितलं होतं, तेवढंच सांगितलं होतं. हमाल, अडते, कास्तकार, सगळ्यांना बातमी पोचली होती. बापानं सगळ्यांना चहा सांगितला.

देवीदास हमालानं त्याला बखोटीला धरून काट्यावर उभं केलं. "बावन्न! पंजाबराव, पोत्याइतकाई भरत नाही तुमचा डायवर. हलका म्हूनच घेतला असन याले!"

"मापूनच घेतला असन," पंजाबराव हसत म्हणाले. "गाडीचं काम हाये ते. तिथी काय अंदाजपंचे चालते? अन् काय रे, ती पोरगी चालवत होती ना आधी?"

"तिले नाही जमलं," ललित म्हणाला.

"असं?" पंजाबराव म्हणाले आणि पुढच्या पोत्याकडं वळले. ललित काट्यावरून उतरला. आईनं रात्री त्याच्यासाठी झुणका केला होता. त्यानं अर्धी भाकर खाऊन ताट सरकवलं.

सोमवारी वर्कशॉपात सगळे गाडीभोवती जमले होते. ललितसाठी सीट पुढं सरकवायची होती, पायल पाना घेऊन वाकली होती. स्वतःची जागा दुसऱ्याच्या मापाची करायला तीच पुढं!

"सीट नको हलवू," ललित म्हणाला. "गाडी घासली ते माह्यामुळं. मी पायलचं वजन पन्नास धरलं होतं. इचारलंच नाही. अन् ती बसली तवा मले दिसलं होतं, तरी बोललो नाही."

"काहून नाही इचारलं?" शाकीबनं विचारलं.

"लाज वाटली."

कोणीतरी हसायला गेलं आणि मधेच थांबलं. पायल सरळ उभी राहिली.

"अडुसष्ट," ती म्हणाली. "अडुसष्ट किलो. कबड्डीत मॅचच्या आधी सगळ्याईसमोर काट्यावर उभं करतेत आमाले, मोठ्यानं वाचून दाखवतेत. मले कायची लाज? त्या दिवशी इचारलं असतं तं पोहे खाता खाता सांगतलं असतं."

पायलनं पाना दुसऱ्या हातात घेतला.

"वजन इचाराची लाज वाटली तुले. अन् हा मले सगळ्याईसमोर बोलून राहिला होता तवा नाही वाटली? पिकअपमधी मी तुलेच इचारून राहिली होती, कशी चालवाची. तवाई नाही?"

शाकीबनं मान खाली घातली. "मी बी लय बोललो यार, पायल," तो पुटपुटला. पण ती त्याच्याकडं बघतच नव्हती.

"माफ कर," ललित म्हणाला.

"आधी स्प्रिंगा बदल," पायल म्हणाली आणि पाना त्याच्या हातात दिला.

दुपारी त्यानं बाबांना फोन लावला. तो न लावताही चाललं असतं, पण तिथं यार्डात त्याच्या नावाचा चहा पिऊन झाला होता.

"बाबा, शर्यतीत मी नाही चालवून राहिलो. पायलच चालवते."

"काहून? तूच तं म्हने, तिले जमलं नाही."

"जमते तिले. मी तिचं वजन न मापता धरलं, अंदाजानं. त्याच्यानं गाडी घासली. अन् सगळे तिले बोलले, तरी मी चूप राहिलो."

पलीकडून पोती आपटल्याचे आवाज येत राहिले.

"न मापता?" पंजाबराव म्हणाले.

"हो."

"तिले सांगतलं?"

"सांगतलं. सगळ्याईसमोर."

"थांब मंग. फोन ठेवू नको."

आणि ललितला बापाचा आवाज ऐकू आला, माल पुकारायचा तोच मोठा आवाज. "देवीदास, थांबव रे जरा. ऐका हो सगळे! शनिवारी मी सांगतलं होतं, माहा ललित रेसमधी गाडी चालवते. ते खरं नाही. गाडी अंजनगावची एक पोरगी चालवते. माह्या पोरानं तिचं वजन मापलं नाही, अंदाजानं धरलं..." इथं तो आवाज अडखळला. तसा तो कधी अडखळत नसे. "...अन् चूक तिच्या नावावर जाऊ देली. माह्या पोरानं."

मग कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या पंजाबराव, पोट्टा हाये."

"चला, चढवा पोतं," पंजाबराव म्हणाले.

फोन बंद करायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. पोतं काट्यावर पडलं, आकडा पुकारला गेला, मग दुसरं पडलं. ललित कितीतरी वेळ फोन कानाला लावून ते आकडे ऐकत उभा होता.