धाकटी कोणत्या डब्यात

वैशाख लागला की नंदुरबारच्या आमच्या घरात दुपारी कुणाला पाय टेकवत नसे. मग एखाद्या रविवारी आबा म्हणायचे, "चाला, चिंचपाडाले जाऊत." आबा म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. सकाळच्या गाडीने निघायचं, चिंचपाड्याला उतरून झाडांच्या सावलीतून नदीवर जायचं, डोहात डुंबायचं, दशम्या खायच्या आणि दुपारच्या गाडीने परत. दरसालचा नेम होता. लोक अशा सहलींच्या आठवणी हसत सांगतात. मी मात्र चिंचपाडा म्हटलं की अजून विषय बदलते.

आमच्या सहलीला एक शिस्त होती आणि ती मोठ्या बाबांची. मोठे बाबा म्हणजे आबांचे थोरले भाऊ. शेती ते बघत, घर ते चालवत आणि ओरडतही तेच. त्यांच्यासमोर माझी माय कधी बोलत नसे. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, पदर तोंडावर ओढायचा, आवाज काढायचा नाही, ते ज्या वाटेने चालतील ती वाट सोडायची. त्यामुळे गाडीत पुरुष एका डब्यात, बायका शेवटच्या जनाना डब्यात. नदीवरही पुरुष खालच्या पाण्यात आणि बायका वरच्या डोहावर. मायला आबांना काही सांगायचं असलं तर निरोप घेऊन पळायचं काम माझं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. निरोप्याचं काम मला मुळीच आवडत नसे, कारण आबा नेहमी मोठ्या बाबांच्या शेजारीच सापडत आणि मोठे बाबा नेहमी कुणावर तरी खेकसत असत. मी जात्याच भित्री. त्यांचा आवाज चढला की माझ्या तोंडचं पाणी पळायचं, मग ते माझ्यावर ओरडत असोत की बैलावर.

त्या वर्षी माझी धाकटी बहीण सहा वर्षांची होती. आंघोळ झाल्यावर ती ओल्या परकरातच माझ्यामागे फिरत होती. मला पलीकडे जाऊन टेंबरं, म्हणजे टेंभुर्णीची पिवळी फळं, गोळा करायची होती आणि तिचे पाय तापलेल्या गोट्यांवर भाजत होते. "कडेवर घे, कडेवर घे," अशी तिची एकसारखी पिरपिर. डोहाच्या काठावर एक जांभळीचं झाड होतं, त्याची मुळं पाण्यावर आलेली. मी तिला उचलून त्या मुळांच्या बेचक्यात सावलीत बसवलं आणि दटावलं, "आठेच बठ. मी ऊ तवलोंग हालजो नको."

मी येईपर्यंत हलायचं नाही, हे ऐकून ती बसली. मी टेंबरांकडे गेले. ओटी अर्धी भरली असेल नसेल, तोच खालून पुरुषांची हाक आली की गाडीची वेळ झाली. एकच धांदल उडाली. मोठ्या मायने, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोने, ओले कपडे पिळून गाठोड्यात कोंबले, मायने भांडी उचलली. माझ्याकडे पाण्याची कळशी आली आणि मी सगळ्यांबरोबर स्टेशनाकडे पळत सुटले. धाकटी माझ्या डोक्यात आलीच नाही. यात खोटं नाही. ती मागून आली असेल, असंदेखील मी तेव्हा म्हटलं नाही. मी तिला सरळ विसरले.

गाडी फलाटावर येऊन उभी होती. जनाना डब्यात चढताना मायने मागेपुढे पाहिलं. "धाकली कोठे शे?" तिने विचारलं. मोठी माय म्हणाली की ती बापाकडे गेली असेल, नेहमीच जाते. ते खरंही होतं. सहा वर्षांची पोर कुठल्याही डब्यात चालायची आणि तिला आबांच्या मांडीवर बसून खिडकीतून बघायला आवडायचं. पण मायला चैन पडेना. पुरुषांचा डबा पाच-सहा खिडक्यांवर होता आणि त्याच्या दारातच मोठे बाबा उभे होते. मायने पदर ओढला आणि मला म्हणाली, "जाय, धाकली आबाजोडे शे का ते इचारी ये."

मी निघाले. निम्म्या वाटेत मला मोठ्या बाबांचा आवाज ऐकू आला. हमालाने त्यांची पाण्याची सुरई फोडली होती आणि ते त्याला असे काही फाडून खात होते की सगळा फलाट थबकून बघत होता. आबा आत कुठेतरी होते, दिसत नव्हते. विचारायचं म्हणजे मोठ्या बाबांच्या अंगावरूनच डब्यात जावं लागणार होतं. गार्डाने शिट्टी वाजवली. मी तिथूनच माघारी वळले.

"शे का?" मायने विचारलं.

"शे," मी म्हणाले. "आबाजोडे शे."

गाडी हलली. मोठ्या मायने ओले कपडे खिडकीत वाळत घालायला गाठोडं सोडलं आणि त्यातून धाकटीचा कोरडा परकर निघाला, सकाळी घडी घातली होती तसाच. "पोर वल्लीच गयी वाटस," ती हसून म्हणाली. मायही हसली. मला मात्र त्या क्षणी जांभळीची मुळं डोळ्यांसमोर लख्ख दिसली.

मी ओरडायला हवं होतं. साखळी ओढायला हवी होती. मी काय केलं, तर ओटीतली टेंबरं मोजत बसले. मनाशी म्हणत होते, ती आबांकडेच असेल, उठून मागोमाग आली असेल. मग वाटायचं, ती कशाची उठते. बस म्हटलं की बसणारी पोर ती. त्या डोहाला तळ लागत नाही, असं बायका सकाळीच बोलत होत्या. मुळं शेवाळलेली होती. तिला पोहता येत नव्हतं. संध्याकाळी तिथे जनावरं पाण्यावर येतात, हेही मला ठाऊक होतं. सांगितलं तर माय विचारणार, मग तू शे म्हणून कसं काय सांगितलंस? एवढ्याच एका प्रश्नाच्या धाकाने मी खांडबाऱ्याच्या स्टेशनापर्यंत तोंड उघडलं नाही. बहीण बुडत असेल असं मनात येत होतं आणि तरीही मी गप्प होते. याची लाज मला आजही वाटते.

खांडबाऱ्याला आबा उतरून आमच्या खिडकीशी आले. "पानी शे का? धाकली झोपनी का?" त्यांनी सहज विचारलं.

माय उभी राहिली. "ती तुमनाजोडे शे ना?"

"मन्हाजोडे? नही."

मग मी बोलले. ती झाडाखाली आहे, मीच बसवलं, एवढंच कसंबसं तोंडातून निघालं. पुढचं रडण्यात गेलं. माय खाली उतरली. तोवर मोठे बाबाही तिथे आले होते. आबा म्हणाले, "कोनी सांगं ती मन्हाजोडे शे म्हनीसन?"

माय माझ्याकडे बघत होती. मग तिने पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "माले वाटनं."

त्या स्टेशनात आमच्या गाडीच्या क्रॉसिंगसाठी एक मालगाडी थांबली होती. तिला चिंचपाड्याकडेच जायचं होतं. आबांनी तिच्या गार्डाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मोठे बाबा म्हणाले की बाईमाणसाने मालगाडीत चढायचं कारण नाही. माय त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "मी बी येस." जेठाशी ती थेट बोललेलं मी तेवढंच एक वाक्य ऐकलं. वाट दाखवायला मला घेतलं. गार्डाच्या डब्यात आम्ही तिघं उभेच होतो. गाडी बैलगाडीच्या चालीने जात होती. मी मायकडे बघायचं टाळत होते.

चिंचपाड्याला ऊन उतरलं होतं, पण उजेड भरपूर होता. नदीची वाट मी पुढे पळत दाखवली. डोह दिसला आणि माझे पाय थांबले. मला पुढे बघायचंच नव्हतं. आबा मला ओलांडून गेले.

धाकटी मुळांत बसलेली होती. परकर अंगावरच वाळला होता. दोन हातांनी तिने एक मूळ घट्ट धरलं होतं. थोड्या अंतरावर पाड्यातली एक बाई लाकडांची मोळी बाजूला ठेवून बसली होती. तिची बोली आम्हाला कळेना, पण तिने हातवारे करून सांगितलं की ओढलं तरी ही पोर उठत नाही, म्हणून मी इथे बसून राहिले. आबांनी हात पुढे केले तरी धाकटी उठली नाही. मान वाकडी करून ती आबांच्या मागे बघत होती. मी पुढे गेले तेव्हा म्हणाली, "तू सांगेल व्हतं ना, हालजो नको."

मायने तिला उचललं आणि तिथेच वाळूत बसून रडली.

परतीची गाडी आता सकाळीच होती. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी पोचलो तर मोठे बाबा ओट्यावर बसले होते. "पोटनी पोर कोठे शे ते बी हिले ठाव नही," ते आबांना म्हणाले, मायच्या देखत. त्यानंतर आमच्या घरातून चिंचपाड्याला कुणी गेलं नाही. हे वाक्य मात्र घरात राहिलं. सणासुदीला, पाहुण्यांत, मोठे बाबा ते पुन्हा सांगत आणि माय पदराआड ऐकून घेई. मी तिथेच पंगतीत वाढत असे.

मायने मला एकदाच विचारलं. त्याच आठवड्यात, स्वयंपाकघरात, आम्ही दोघीच होतो. "तू त्या डबालोंग गयी व्हती ना?"

"हा," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाली आणि पीठ मळायला लागली. तिला सगळं कळलं होतं. ते मला दिसत होतं आणि तरी मी डब्यापर्यंत गेल्याचा माझा शब्द मागे घेतला नाही.