डाळमिलच्या अकरा अनोळखी बाया

सोमवारी सकाळी सव्वाआठला सुरू झालं हे सगळं. तेव्हापासून इतके किस्से साठलेत, की एक सांगायला बसलं तर दुसरा मधेच तोंड घालतो.

जळगावच्या एका डाळमिलमध्ये आम्ही अकरा जणी अर्धा दिवस डाळ निवडायला जायचो. त्या सोमवारी मुकादम नानांनी पुऱ्या दिवसाच्या बायांची हजेरी घेतली आणि रजिस्टर मिटलं. आमची नावं त्यात नव्हतीच! माझं पोरगं सात महिन्यांचं. ते तापलं आणि मी घरी राहिले, तर माझी जागा गेलीच. जिचं नाव नाही, तिला कसली रजा? जीव नुसता टांगणीला.

मी नाव लावायला सांगितलं. नाना म्हणाले, "अर्ध्या दिवसाच्या बायांना कसला कायदा?"

आमच्यात थोरली सखूअक्का. ती म्हणाली, "काबर नाना, मशीनना पट्टामा हात गया ते अर्धाच तुटी का?"

* * *

दहाला सासूबाई पोराला पाजायला आणायच्या. नानांनी एकदा गेट बंदच ठेवलं. पोरगं रडून लाल! हमालांनी पोती खाली ठेवली. "आधी त्याला पाजू द्या, मग ट्रक भरू."

नाना म्हणाले, "फक्त आजच हां!"

ते 'आजच' अजून चालू आहे!

* * *

मग मिल तपासायला सरकारी इन्स्पेक्टर आले. नानांनी आम्हाला पढवलं होतं, "आम्ही मालकाच्या पाहुण्या, असं सांगायचं."

साहेबांनी आमच्यातल्या कमलला विचारलं, "पाहुण्यांना चहा दिला का?"

"नाही साहेब. तीन वर्षं रोज येतो, रोज कोण देणार?"

* * *

मग आम्ही कामगार ऑफिस गाठलं. तिथले साहेब म्हणाले, "अर्धा दिवस असो नाहीतर पुरा, काम केलं तर नाव लागलंच पाहिजे. अर्ज करा." सातवी शिकलेली मी एकटीच, म्हणून अर्ज मी लिहिला. मग पहिली सही कोण करणार? जी ती दुसरीला पुढे ढकलायला लागली.

सखूअक्का म्हणाली, "अंगठा लावा वं! कोनता अंगठा कोनना, मालकले काय समजी?"

मीसुद्धा अंगठाच लावला!

* * *

सुनावणीला नाना साहेबांसमोर म्हणाले, "या बायांना मी ओळखत नाही. कधी पाहिल्याही नाहीत."

सखूअक्काने पिशवीतली न निवडलेली डाळ टेबलावर ओतली. आमचे हात आपोआप चालू लागले, तोंडंही.

पाच मिनिटं झाली असतील. नाना खुर्चीतून ओरडले, "ए कमल, खडे इकडे टाक! सखू, गप्पा बंद! यमुना, कालच्यासारखी घाण ठेवू नको!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "हं नाना, सावकाश. पुढची नावं?"

तुमच्याकडे अर्ध्या दिवसाच्या बाया असतील, त्यांना एवढं नक्की सांगा: अर्धा दिवस काम केलं, तरी नाव लागलंच पाहिजे.