मागे वळून बघायचं नाही

मला अजून राग आहे, हे आधीच सांगते. पुढे कुठे मी मवाळ झाल्यासारखी वाटले तर कुणी गैरसमज करून घेऊ नये.

साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर माझा गाळा आहे. पडदे, सोफ्याची कव्हरं, गाद्या, लोड असं सगळं आम्ही शिवतो. बरंचसं काम मढच्या बंगल्यांचं. तिथे कायम कुठल्या ना कुठल्या मालिकेचं शूटिंग चालू असतं. कथेतलं घर श्रीमंत झालं की पडदे बदलतात, कंगाल झालं की पुन्हा बदलतात. त्यांची भरभराट होवो की वाटोळं, शिलाई आमचीच. वडील गिरणी बंद पडून घरी बसले, तेव्हा आईच्या शिलाई मशीनवर मी हे सुरू केलं. भाव करायला मला कुणी शिकवलं नाही. तो मी भांडून भांडून शिकले.

आणि शिकले ते सगळं एका मुलीला दिलं.

ती घाटकोपरहून यायची. घरचे मूळचे मराठवाड्यातले, घरात कॉलेज पूर्ण केलेली ती पहिलीच. मी तिला फोन घ्यायला ठेवली होती, पण आठवड्याभरातच लक्षात आलं की हिच्या जिभेला माझ्या कात्रीपेक्षा जास्त धार आहे. मग घाऊक कापडबाजारात मी तिला सोबत न्यायला लागले. तिने कापडावरून मायेने हात फिरवायचा, मी नाक मुरडायचं. दुकानदार तिच्याकडे बघून खूश व्हायचा आणि माझ्याकडे बघून खाली यायचा. तरीही नाही जमलं तर शेवटचं हत्यार होतं, ते म्हणजे उठून चालायला लागायचं.

"चाल हळू ठेव," मी तिला बजावलं होतं, "पण मागे वळून बघायचं नाही. जो वळला तो हरला. जिन्याशी पोचायच्या आत हाक येतेच."

यायचीच. पहिल्या वेळी तिने वळून बघितलं आणि दुकानदार आपल्या भावावर अडून बसला. त्या दिवशी रिक्षात मी तिचं असं डोकं खाल्लं की त्यानंतर तिची मान कधी वळली नाही.

तर एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. गोरेगावला नोकरी लागलीय. सेट सजवणारी कंपनी आहे."

मी सुईत दोरा ओवत होते. तो नीट ओवून घेतला आणि विचारलं, "बरं. काय हवंय?"

"काही नको."

मी मनात म्हटलं, वा गं! सुरुवात 'काही नको'पासूनच करायची, हे मीच सांगितलेलं.

"केबिनला एसी लावू?"

"नको ताई, खरंच नको."

"शनिवारी अर्धा दिवस?"

"ताई, मी भाव करत नाहीये हो."

हेसुद्धा माझंच वाक्य. भाव ऐन रंगात आला की हे म्हणायचं असतं. मला इतकं कौतुक वाटलं की मी गप्पच बसले. समोरचा गप्प बसला की आपणही गप्प बसायचं, हा त्याच्या पुढचा धडा होता.

तो महिना मी वाट बघण्यात घालवला. ती नव्या मुलीला काम समजावत होती. मढचा कुठला बंगलेवाला उद्या उद्या करतो, कुठल्या मॅडमना पडदा जमिनीला टेकलेला चालत नाही, सगळं सांगत होती. मी केबिनच्या काचेतून बघायचे आणि मनात म्हणायचे, काय तयारी! समोरच्याला पटावं म्हणून गाळ्याची चावीपण देऊन टाकली!

आमचे कटिंग मास्तर जुने आहेत. ते म्हणाले, "मॅडम, पोरगी खरंच चाललीय."

"मास्तर, तुम्ही कापड कापा."

शेवटच्या दिवशी मी बाहेरून आले तर कटिंगच्या टेबलावर केक. भोवती सगळे टाळ्या वाजवतायत आणि बाजूलाच मढच्या बंगल्याचं मरून वेल्वेट उलगडलेलं. माझं डोकं फिरलं. "क्रीम? वेल्वेटशेजारी? डाग पडला तर कोण चाटून काढणार?" टाळ्या बंद झाल्या. तिने केक उचलून खिडकीत ठेवला, मला एक तुकडा दिला आणि म्हणाली, "येते मी, ताई."

"ये," मी म्हटलं. तुकडा हातातच होता.

आमच्या गॅलरीतून इस्टेटचं गेट सरळ दिसतं. टेम्पोंच्या मधून ती चालली होती. हळू, अगदी मी शिकवलेल्या चालीने. मी कठडा धरून उभी राहिले. मागे मास्तर आले.

"हाक मारा ना मॅडम."

"आधी तिला वळू दे."

ती वळली नाही. गेटबाहेर रिक्षा थांबली, ती बसली आणि गेली. माझा राग आहे तो यावरच. इतकी वर्षं सोबत काढली, एकदा वळून बघायला काय जात होतं?

बऱ्याच महिन्यांनी ती आली. गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात कापडाचे नमुने. गिऱ्हाईक म्हणून.

"चहा?" मी विचारलं.

"काही नको, ताई."

तेव्हाच मला कळलं की आज माझी वाट लागणार.

तिने माझ्याच वेल्वेटवरून मायेने हात फिरवला आणि मग नाक मुरडलं. दोन्ही कामं एकटीच करायला लागली होती बाई. "शिवण बघा ताई, कशी वाकडी धावलीय."

"तूच पास करायचीस ती शिवण!"

"तेव्हा तुमच्याकडे होते ना."

मी माझा भाव सांगितला, तिने तिचा. मी तसूभर हलले नाही. ती उठली, नमुने गोळा केले आणि निघाली. जिना उतरल्याचा आवाज आला. मशीनं थांबली. मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि सगळा गाळा माझ्याकडे बघायला लागला.

मी गॅलरीत धावले. ऑर्डर मोठी होती म्हणून. दुसरं काही नाही.

"गो! वर ये गो!" घरातला मालवणी आवाज निघाला माझा. दोन टेम्पोवालेही वर बघायला लागले.

ती हसत वर आली. भाव तिचाच झाला. मग चहाही घेतला तिने. बशीत बिस्किट मोडता मोडता म्हणाली, "त्या दिवशीपण मी गेटपर्यंत कान देऊन चालले होते, ताई."

"हाक मारली असती तर राहिली असतीस?"

"छे! जायचंच होतं मला."

"मग हाक कशाला हवी होती?"

"अशीच. ऐकून गेले असते."

मी लगेच नव्या मुलीला फोन उचलत नाही म्हणून ओरडले.

तेव्हापासून आमच्या गाळ्यात एक पद्धत पडली आहे. कुणी काम सोडून निघालं की मी गॅलरीत उभी राहते आणि हाक मारते. डबा घेतलास का, सावकाश जा, येत जा अधूनमधून, काहीही. जाणारा वर बघतो, हात हलवतो, जातो. बरं चाललं होतं.

मग आमचा एक कारागीर निघाला. त्याने शिवलेल्या कव्हराचा एकही कोपरा सोफ्याला बसला नव्हता आणि दिवसभर मोबाइलवर गाणी. तो स्वतःहून चाललाय म्हटल्यावर मी मनातल्या मनात पेढे वाटले. पण पद्धत ती पद्धत. गॅलरीत गेले आणि म्हटलं, "अरे, येत जा रे कधीतरी!"

तो तिथूनच उलटा फिरला. धावत जिना चढला, पिशवी खिळ्याला अडकवली आणि मशीनवर बसला. "मॅडम, तुम्ही एवढं म्हणताय तर राहतो."

मास्तर वेल्वेटच्या ताग्यात तोंड खुपसून हसत होते.

गेल्या खेपेला ती आली, तेव्हा त्याला बघून दारातच थबकली. "ताई, हा अजून इथेच?"

"तुझ्यामुळे!"

ती खुर्चीवर बसून पोट धरून हसली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "याने शिवलेली कव्हरं मला द्यायची नाहीत हां. आणि भाव कमी करायचा."

भांडण झालं, चहा झाला, ती निघाली. मी सवयीने गॅलरीत गेले. बघितलं तर या वेळी मी तोंड उघडायच्या आतच ती टेम्पोंच्या मधे थांबली, मागे वळली आणि वर बघून हात हलवला.

जो वळला तो हरला. पुढच्या ऑर्डरला मी भाव वाढवून सांगणार आहे.