टॅपचे तीन तुकडे

दसऱ्याला अवजारं रॉकेलनं पुसायला घेतली की त्या वासासरशी मी खांडबाऱ्यातल्या आमच्या लेथच्या दुकानात, त्या एका दुपारी जाऊन उभी राहते.

पंपाच्या बॉडीतल्या भोकात आटे पाडताना माझ्या हातून टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, तुटला आणि आतच अडकला. त्याचं पोलाद इतकं कडक की ड्रिल वरून नुसतं घसरायचं. पंपवाले काका ओट्यावर बसून होते. तिकडे त्यांची मिरची पाण्यावाचून माना टाकत होती.

"बाईमाणूसनं काम नही हाई," मोठा भाऊ म्हणाला. "बॉडी भंगारमा टाक."

मी टाकली नाही. जुना ट्रान्सफॉर्मर, दाराच्या घंटीची कॉइल आणि तांब्याची जाड तार जोडून मी विजेच्या ठिणग्यांनी धातू जाळणारं एक यंत्र केलं होतं. सगळे त्याला हसायचे. बॉडी रॉकेलात पूर्ण बुडवली, म्हणजे आत हवा नाही आणि आग नाही. थरथरणारी तार टॅपला टेकू लागली, रॉकेलाखाली निळ्या ठिणग्या तडतडल्या, काळा गाळ वर आला. दोन तास मी हलले नाही. टॅपचा मधला गाभा जळून गेला आणि उरलेले तीन तुकडे चिमट्यानं अलगद निघाले. भोकाला ओरखडाही नव्हता.

भावानं भोकात बोट फिरवून पाहिलं. त्याला खोटं पाडण्याची मला तेव्हा केवढी हौस होती! आता नाही.

दर दसऱ्याला ते तीन तुकडे मी पाटावर मांडते.

"तुटेल वस्तू पूजामा कोनी ठेवस का?" भाऊ अजून कुरकुरतो.

"मी ठेवस," मी म्हणते, आणि पहिलं कुंकू त्यांनाच लावते.