त्या पहाटे नदीकाठी कोण होतं

आमच्या एमेतेरिओमामाला उजवा हात कोपराखाली नव्हता. बदामाच्या दिवसांत तो उरलेल्या दंडाला पट्ट्यानं काठी बांधून झाडं झोडपायचा आणि खाली वेचणाऱ्या आम्हा बायकांवर ओरडायचा, "नीट बघा गं! हात माझा एक आहे, डोळे तर तुमचे दोन-दोन आहेत ना?"

देशातल्या यादवी लढाईआधी तो भट्टीत पावाचं पीठ मळायचा. परत आल्यावर कुणाची तरी मेंढरं राखायला लागला.

हात परगावच्या तेलाच्या घाण्यात गेला असं गाव समजत होतं. नगरपालिकेच्या वहीत एक्केचाळीस सालची तशी नोंदही होती. ती मामानंच करवून घेतलेली. हरलेल्या बाजूनं लढून आलेल्याला तेव्हा कुणी कामावर ठेवत नसे. घाण्यात हात गेलेल्याची निदान कीव तरी यायची. जिंकलेल्या बाजूच्या लंगड्या-थोट्यांचं वेगळं होतं. त्यांना पेन्शन, पदक, बसमध्ये राखीव जागा. आमच्या गावच्या फ्रोइलानचा त्या बाजूनं लढताना डोळा गेला, तर त्याला तंबाखूचं दुकान मिळालं. गावात दुसरं दुकान नव्हतं, म्हणून मामा तिथंच जायचा. पैसे ठेवायचा, पुडी उचलायचा. चाळीस वर्षांत दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत.

ऐंशी साली हरलेल्यांनाही पेन्शन देण्याचा कायदा झाला. मी तेव्हा नगरपालिकेत टायपिस्ट होते. मामाचा अर्ज मीच भरला.

"मामा, वहीत घाणा लिहिलाय," मी म्हटलं. "ते खोटं आहे असं सांगणारा, त्या लढाईत असलेला माणूस लागेल."

"मग अडलंय कुठं? लाउरेआनो आहे की!"

लाउरेआनो हा लढाईत मामाचा अधिकारी. पुढं सहा वर्षं तुरुंगात काढून आलेला, आणि आता आमचा निवडून आलेला नगराध्यक्ष. एब्रो नदीवरून माघार घेताना काठ सोडणारा शेवटचा माणूस आपणच होतो, असं तो दर भाषणात सांगायचा. टाळ्या वाजवणाऱ्यांत मामाही असायचा, मांडीवर तळवा आपटून.

रविवारी दुपारी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं कॉफी दिली. मी कागद पुढं केला. लाउरेआनोनं तो दोनदा वाचला.

"एमेतेरिओ, नोंद तर घाण्याची आहे."

"ती का केली ते तुला ठाऊक आहे. तूच तुरुंगातून निरोप धाडलास, नदीचं नाव काढू नकोस म्हणून."

"वय झालं रे आता. तारखा आठवत नाहीत."

"तारीख कुणाला हवीय? तू म्हणालास, 'होडी ओढायचा दोर धरून इथंच थांब, जखमींना पोचवतो आणि होडी परत आणतो.' मी थांबलो. तेवढंच लिही."

लाउरेआनो कपात चमचा फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "तू काठावर होतास असं लिहिलं, तर लोक विचारतील, मी कुठं होतो."

मामानं कप खाली ठेवला. "मला वाटायचं," तो म्हणाला, "तुला कुणी परत येऊ दिलं नसेल."

"साठ माणसं होती पलीकडे. त्यांना सोडून येऊ?"

"नसतास आलास तरी चाललं असतं. पण ते कधी बोलला नाहीस. वर दर भाषणाला मला टाळ्या वाजवायला लावल्यास!"

परतताना चढावर मी त्याला धरायला गेले, तर त्यानं माझा हात झटकला.

आठवड्यानं लाउरेआनोचं लेखी उत्तर माझ्याच टेबलावर आलं: 'सदर प्रसंग स्मरत नाही.' त्याची प्रत मलाच काढावी लागली. गावात लपून काय राहतं? तिसऱ्या दिवशी फ्रोइलान भर अकराला दुकान बंद करून माझ्यापुढं येऊन बसला.

"विसी, टाइप कर. मी त्याच काठावरच्या टेकडीवर होतो, आमच्या तोफांपाशी. उजाडल्यावर खाली उतरलो, तर हा चिखलात पडलेला. तोफेनं हात गेलेला, अन् दोर डाव्या हाताला गुंडाळलेला. सोडवेना आम्हाला. कापावा लागला."

"फ्रोइलानकाका, मग इतकी वर्षं गप्प का राहिलात?"

"तो घाणा म्हणत होता. त्याची भाकरी त्यावर चालली होती, मी कशाला मोडू?" त्यानं एकुलता डोळा चोळला. "आणि तोफ आमची होती, पोरी. कुठल्या तोंडानं बोलणार?"

त्या साक्षीवर पेन्शन मंजूर झाली, ब्याऐंशीत. लाउरेआनोनं सभागृहात कार्यक्रमच ठेवला. फोटोवाला बोलावला, मामाला मिठी मारून म्हणाला, "हा आपल्या गावाचा वीर!" मामा खांबासारखा उभा राहिला. फ्रोइलानला कुणी बोलावलं नव्हतं.

घरी आल्यावर आईनं पावाचा चुरा लसूण घालून परतला होता, मामाच्या आवडीचा. त्यानं ताट सरकवलं.

"मिळालं ना रे तुला?" आई म्हणाली. "मग खा की."

"त्या बाजूच्यांनी मला फसवलं नाही, आस्सुन्ता. ते शत्रू होते, त्यांनी शत्रूसारखं केलं. हा आपला होता. मी त्या होडीची वाट बघत होतो गं. गोळे पडत होते, तरी दोर सोडला नाही. सोडला असता तर पोहून गेलो असतो. मला पोहता येत होतं."

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आई त्याच्याशेजारी येऊन बसली.

पुढच्या वर्षी निवडणूक आली. मतमोजणीला मी होते. लाउरेआनो पुन्हा निवडून आला, मोठ्या फरकानं. मतांच्या एका पाकिटात नावांच्या यादीऐवजी कोरा कागद निघाला, एकाच हातानं घातल्यासारखी वाकडी घडी असलेला. तो कुणाचा, हे मी कुणाला सांगितलं नाही.