पायाचं काय करतात, हे मी विचारलं नव्हतं

डॉक्टरांनी पट्टी सोडली, वाकून बघितलं आणि म्हणाले, "गँगरीन आहे." रक्त पोचेनासं झालं की तिथलं मांस मरतं आणि काळं पडतं, त्याला गँगरीन म्हणतात. मग त्यांनी खिशातला निळा पेन काढला आणि माझ्या उजव्या पोटरीवर एक रेघ ओढली. "इथून खाली पाय काढावा लागेल. बिलो नी अँप्युटेशन." म्हणजे गुडघ्याच्या खाली कापायचा.

मी त्या रेघेकडे बघत राहिले. माझ्या शेजारी सासूबाई होत्या, आम्ही त्यांना अम्मा म्हणतो. त्या रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. परक्या माणसांसमोर मला बोलता येत नाही, तसं रडताही येत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, माजलगावच्या मराठी शाळेत. मला सांगता येत नाही म्हणून लिहिते आहे. ज्यांच्या पायावर उद्या अशी रेघ ओढली जाईल, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

माझ्या मिस्टरांचा केळी-पपईचा गाडा आहे. मला नऊ वर्षांपासून शुगर आहे. फळवाल्याच्या घरात एक गोष्ट होते. दिवसभर विकून उरलेली, डाग पडलेली केळी संध्याकाळी घरी येतात. टाकवत नाहीत. पोरं कंटाळलेली असतात, मग ती आई खाते. मी गोळी घ्यायची आणि केळीही खायची. चहात साखर घालत नव्हते, तेवढ्यावर मला वाटायचं की मी पथ्य पाळते.

मग पायांना मुंग्या यायला लागल्या. एकदा मी बाजारातून भाजी घेऊन घरी आले तर अम्मा म्हणाल्या, "एक चप्पल किधर गई गं?" उजव्या पायातली चप्पल वाटेत कुठं निसटली ते मला कळलंच नव्हतं. घरात सगळे हसले. मीही हसले. ते हसण्यासारखं नव्हतं. शुगरमुळे पायाच्या नसा बधिर होतात, त्याला न्यूरोपॅथी म्हणतात. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं नसतं. ज्याला शुगर आहे त्याने रोज आपले तळवे बघावेत. स्वतःला दिसत नसतील तर पोराला बघायला सांगावं.

नंतर चपलेतला खिळा वर आला. तो दोन दिवस अंगठ्याखाली टोचत होता आणि मला पत्ता नव्हता. जखम दिसली तेव्हा हळद लावली. मग कोणी सांगितलं तो पाला बांधला. पंधरा दिवसांनी अंगठा काळा पडला आणि घरात वास यायला लागला. मी उदबत्ती लावायचे. वास माझ्या पायाचा आहे हे मला माहीत होतं, पण मिस्टरांना सांगायला लाज वाटली.

बीडच्या दवाखान्यात भरती झाले तो शनिवार होता. त्याच दिवशी डॉपलर केली. रक्त पायात कुठपर्यंत जातं ते बघायची ही तपासणी असते. थंडगार जेली लावून एक यंत्र पायावर फिरवतात आणि रक्ताचा आवाज ऐकू येतो. मांडीत जोरात यायचा, गुडघ्याजवळ बारीक. घोट्याजवळ काहीच आला नाही.

रविवारी डॉक्टर पुन्हा आले. "मावशी, गुडघा आज आपल्या हातात आहे," ते म्हणाले. "गुडघा राहिला तर पुढे नकली पाय लावून नीट चालता येतं. तो गेला तर फार अवघड होतं. विष वर चढतंय. सही करा."

मी मान हलवली. नाही म्हणून.

"भीती वाटते का?"

मी पुन्हा नाही म्हणून मान हलवली. सगळ्यांना वाटलं मी दुखण्याला घाबरते. सिस्टरनी समजावलं की भूल देतात, काही कळत नाही. नणंद फोनवर म्हणाली, पोरांकडे बघ. अम्मा म्हणाल्या, माझं वय झालं तरी मी सांभाळीन तुला. मी कोणालाच काही बोलले नाही. सोमवारी सकाळी डॉक्टरांनी आधीच्या रेघेच्या वर दुसरी रेघ ओढली. ते चिडले नाहीत. "अजून वेळ आहे, पण थोडाच," एवढंच म्हणाले.

माझ्या मनात काय होतं ते आता लिहिते. मला भीती होती की कापलेला पाय कचऱ्यात टाकतील. आमच्यात माणसाच्या अंगाचा भाग वेगळा झाला तर तो मातीत देतात. माझा जिवंतपणीचा पाय बादलीत, सुया आणि पट्ट्यांबरोबर जाईल, हे मला सहन होत नव्हतं. पण हे डॉक्टरांना विचारायचं कसं? जीव वाचवायला बसलेल्या माणसाला विचारायचं की मेलेल्या पायाचं काय करता? मला वाटलं, सगळे हसतील.

सोमवारी दुपारी वॉर्डात एक बाई आली. पन्नाशीची, नऊवारी साडी, खांद्याला पिशवी. सरळ माझ्या खाटेजवळ आली आणि स्टुलावर बसली.

"मी सुमन. गेवराईहून आले. सिस्टरचा फोन आलता," ती म्हणाली. "माझा बी पाय गेलेला हाय. हायवेला ट्रकनं."

अम्मांनी तिला वरून खालपर्यंत बघितलं. ती दोन्ही पायांवर चालत आली होती. अम्मा माझ्या कानाशी लागल्या, पण त्यांचा आवाज हळू होत नाही. "ये पाँव बेचनेवाली है. आधार कार्ड का झेरॉक्स मत देना इसकू."

सुमनताई हसली. तिनं साडी जरा वर केली आणि पोटरीवर बोटांनी वाजवलं. टक टक आवाज आला, दारावर वाजवल्यासारखा. "पाय इकायला न्हाई आले, अम्मा. माझ्याकडं एकच जादा हाय आन् तो मलाच लागतो."

अम्मांनी हात लावून बघितला. मग म्हणाल्या, "या अल्ला," आणि तिच्यासाठी चहा आणायला गेल्या.

अम्मा गेल्यावर सुमनताईनं चाकाची खुर्ची, कुबड्या, सरकारी कागद असला कुठलाच विषय काढला नाही. मग हळूच म्हणाली, "सही कावून न्हाई करायलात? पायाचं पुढं काय करतेत, ते इचारलं का कुनी?"

मी तिच्याकडे बघितलं आणि रडले. तीन दिवसांचं सगळं एकदम रडले.

"माझा पाय कुठं गेला मला ठाव न्हाई," ती म्हणाली. "मी बेसुद होते. सहा म्हयने रोज तेच डोक्यात. कुत्र्यानं नेला का, जाळला का. आन् इचारायची लाज. म्हनून मी जाईल तिथं आदी हेच इचारते. अर्ज लिवून दिला तर दवाखानेवाले पाय घरच्यांकडं देतेत. तुमच्या मालकाला बोलवा."

मिस्टर बाहेर व्हरांड्यात होते. ते आत आले. मी त्यांच्याकडे न बघता सांगितलं की पाय मातीत द्यायचा आहे. ते खाटेच्या कडेला बसले. मग म्हणाले की त्यांनी शनिवारीच माजलगावच्या कबरस्तानातल्या चाचांना फोनवर विचारून ठेवलंय. चाचा म्हणाले, आणा, जागा देतो. नमाज नसते, स्वच्छ कापडात गुंडाळून फक्त मातीत ठेवायचा.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू जिवंत आहेस. तुझ्यासमोर कबरीचं नाव कसं काढू?"

मला दुःख नको म्हणून ते गप्प होते आणि लोक हसतील म्हणून मी. सुमनताईनं कपाळाला हात लावला. "अरारारा. दोगं बी शाने!"

डॉक्टरांनी अर्ज वाचला. ते म्हणाले, "एवढंच होतं? मावशी, पहिल्या दिवशी का नाही बोललात?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

मी लगेच सही केली आणि मंगळवारी सकाळी ऑपरेशन झालं. गुडघा वाचला. पण पाय दुसऱ्या रेघेच्याही वर कापावा लागला. गुडघ्याखाली जेवढा भाग राहतो त्याला स्टंप म्हणतात. तो लांब असला तर नकली पाय घट्ट बसतो. माझा आखूड आहे, म्हणून मला अजूनही चढ चढताना त्रास होतो. शनिवारी तोंड उघडलं असतं तर स्टंपची लांबी चार बोटं जास्त राहिली असती. हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. तुम्ही गप्प बसू नये म्हणून लिहिते.

मिस्टरांनी पाय माजलगावला नेला. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की भिंतीजवळच्या कडुलिंबाखाली ठेवला. मग ते माझ्यासाठी आणलेला पेरू कापायला लागले. डॉक्टरांना विचारून, अर्धाच.

पुढचे दिवस कठीण होते. नसलेला अंगठा दुखायचा, खाजायचा. याला फँटम पेन म्हणतात. पाय गेला तरी मेंदूला ते पटलेलं नसतं. मी वेडी झाले असं मला वाटलं. सुमनताईला फोन केला तर म्हणाली, "माजा आजून बी खाजवतो, पाऊस आला की. डॉक्टरला सांग, गोळी देतेत. न्हाईतर दुसऱ्या पायाचा अंगठा खाजव. मला तेवड्यानं बरं वाटतं." डॉक्टरांनी गोळी दिली. मी अंगठाही खाजवला. दोन्हींनी थोडं थोडं बरं वाटलं.

स्टंपला रोज क्रेप बँडेज बांधायचं असतं. ही ताणली जाणारी पट्टी असते, तिनं सूज उतरते आणि स्टंपला आकार येतो. अम्मा बांधायच्या. त्यांचा हात इतका घट्ट की मी ओरडायचे. चार महिन्यांनी माप घेतलं आणि नकली पाय मिळाला. पहिल्या दिवशी भिंतीला धरून सात पावलं चालले. केळी सुटली आहेत. आता गाड्यावरची उरलेली केळी शेजारची बकरी खाते.

वर्ष झाल्यावर सुमनताई म्हणाली, "आता तू चल माझ्यासंगं."

"मला बोलता येत नाही, ताई."

"बोलायला कुनी सांगितलंय? बसता येतं ना? बस."

पहिल्याच वेळी सुमनताईला ताप आला आणि मला एकटीला बीडच्या त्याच वॉर्डात जावं लागलं. बाईचं नाव द्वारका, केजकडची. तिचाही पाय शुगरनं जाणार होता आणि तिनंही सही केली नव्हती. मी येताना बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. स्टुलावर बसल्याबरोबर म्हटलं, "पायाचं पुढे काय करतात, ते विचारलं का?"

द्वारकाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला उठून पळावंसं वाटलं. "जळू द्या तिकडं. मेलेल्या पायाची मला काय पूजा करायची हाय?"

माझं पाठ केलेलं संपलं. दुसरं वाक्य नव्हतं. मी मान खाली घालून बसून राहिले. अर्धा तास झाला असेल. वॉर्डात कोणी संत्रं सोलत होतं, त्याचा वास येत होता. मी उठून गेले नाही, एवढंच केलं.

मग द्वारकाबाईच बोलल्या, भिंतीकडे तोंड करून. "एक इचारू का? हासायचं न्हाई. जोडवी एकाच पायात घातली तर चालतेत का? मालक जिता हाय माझा. लोक काय म्हनतील?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही. आमच्यात जोडवी नसतात." त्यांचा चेहरा पडला. मी घाईनं सुमनताईला फोन लावला आणि तो त्यांच्या कानाला दिला.

"मी दोनी एकाच पायात घालते," सुमनताईचा खोकत खोकत आवाज आला. "एक ह्या बोटात, एक शेजारच्या. रबराच्या पायाची बोटं चिकटलेली असतेत, त्यात जात न्हाईत. इतकी वर्सं झाली, मालक ठणठणीत हाय माझा."

द्वारकाबाईंनी जरा विचार केला. "म्हंजी दोगींचे बी मालक एकाच पायावर हुबे!" आणि त्या हसल्या. इतक्या हसल्या की सिस्टर बघायला आल्या. हसता हसता रडल्या. रडून झाल्यावर कागद मागितला आणि सही केली. मग माझा हात धरून म्हणाल्या, "सकाळी मला आत नेतील तवा तुमी असताल का?"

मी घरच्यांना न विचारता कुठं मुक्काम केलेला नाही. पण तोंडातून निघून गेलं, "असते." मिस्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "थांब तू. इथलं आम्ही बघतो."

माझा पाय गेला हे दुःख आहेच. पण मी न सांगता माझा प्रश्न ओळखणारी एक बाई गेवराईहून बस बदलत आली होती. तिचे उपकार मी फेडू शकत नाही. मी फक्त दुसऱ्याच्या खाटेजवळ जाऊन बसू शकते. ज्याचा त्याचा प्रश्न वेगळा असतो, तो पाठ करून नेता येत नाही, हे मला द्वारकाबाईंनी शिकवलं.

सकाळी त्यांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर मी आणि दुसऱ्या टोकाला त्यांचे मालक, पांढऱ्या टोपीतले वयस्कर गृहस्थ. परक्या पुरुषाशी मी कधी बोललेले नाही. बराच वेळ ते टोपी हातात घेऊन फिरवत होते. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "ताई, खरंच चालता येतं का वं?"

मी उठले, बुरखा सावरला आणि व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेले. परत आले. ते माझ्या पायांकडे निरखून बघत होते.

"कंचा हाय?" त्यांनी विचारलं.

मी बुरखा आणि सलवार उजव्या बाजूला वीतभर वर धरली आणि पुन्हा एकदा टाकीपर्यंत चालून दाखवलं.