सम्राटाचं नाक

मी सिनेमासाठी खोट्या वस्तू बनवते. मुंबईत शिल्पकला शिकले, लग्नानंतर नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे सिंगापूरला आले आणि चार वर्षं घरी बसून काढल्यावर टॅम्पिनीसमधल्या आमच्या घरापासून एका बसच्या अंतरावर असलेल्या वर्कशॉपमध्ये लागले. मोहरा, दागिने, कट्यारी, नाणी. शूटिंग कुठल्या तरी दुसऱ्याच देशात होतं. आमच्याकडून फक्त खोकी जातात.

त्या वर्षी प्राचीन रोमवरच्या एका सिनेमाचं काम आलं. नाणी हवी होती, आणि त्यांवर एका सम्राटाचा चेहरा. हा सम्राट सिनेमात दिसतच नाही. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच त्याचा खून झालेला असतो. त्यामुळे नटाच्या चेहऱ्याशी जुळवायचा प्रश्न नव्हता. मालक चिनी, साठीचा, मोजकं बोलणारा. मला म्हणाला, "चेहरा कुणाचाही चालेल. नाक मात्र पाहिजे. पडद्यावर नाक दिसलं पाहिजे."

ते का, हे त्यानं पटकथेतलं पान काढून दाखवलं. रोममध्ये एखादा सम्राट मेल्यावर लोकांना नकोसा झाला, की त्याचं नाव आणि चेहरा दिसेल तिथून खरवडून काढत. पुतळ्यांवरून, भिंतींवरून, नाण्यांवरूनसुद्धा. आमच्या सिनेमात भर बाजारात लोक त्याची नाणी दगडावर ठेवून छिन्नीनं चेहरा फोडतात, आणि एक सैनिक तसं फोडलेलं नाणं सार्वजनिक शौचालयाच्या दारावर खिळ्यानं ठोकतो. पानावर 'नाक' या शब्दाखाली लाल रेघ होती.

ते पान वाचताना मला आमच्या ब्लॉकमधले, म्हणजे आमच्याच इमारतीतले, काका आठवले. इथे माझं काही चुकत असेल तर आठवणीत चुकत असेल, हेतूत नाही. मला तेच हवे होते.

काका पाचव्या मजल्यावर मुलाकडे राहायचे, आम्ही नवव्या. पंच्याहत्तरीचे, बोटीवर चीफ इंजिनियर म्हणून आयुष्य गेलेलं, शेवटची काही वर्षं सेम्बावांगच्या गोदीत. बायको वारलेली. अंगानं उंच, आणि नाक असं की माणूस वळायच्या आधी नाक वळायचं. सगळ्यांना सल्ले द्यायचे. कुणी भाज्या कशा चिराव्यात, कुणी फ्लॅट कधी विकावा, कुणाच्या मुलानं काय शिकावं. मी दिसले की हाक मारायचे, "काय गं, आज कुठली खेळणी केलीस?"

खेळणी मी चालवून घेतलं असतं. पण त्याच्या आदल्या गणपतीत पंधरावीस मराठी मंडळी पासिर रिसला एकांच्या घरी जमलो होतो. मखर मी केलं होतं. सगळे बघत होते, कौतुक चाललं होतं, आणि काका माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "हाताला कला आहे हो पोरीच्या. मूलबाळ नाही ना, म्हणून जीव बाहुल्यांत रमवते बिचारी." त्या वर्षात माझं दुसऱ्यांदा पोट पडलं होतं. खोलीतल्या निम्म्या बायकांना ते माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्रसादाच्या ताटाकडे. काकांनी मात्र हात तसाच ठेवला होता. मायेनंच म्हणाले होते ते. म्हणून तर मला काही बोलता आलं नाही.

तर मी खाली वॉइड डेकवर, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत गेले. ते बाकावर पेपर वाचत बसले होते. म्हटलं, "काका, एका रोमन सम्राटासाठी चेहरा हवाय. तुमचा घेऊ?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "माझा?"

"तुमच्यासारखं नाक इथे दुसऱ्या कुणाला नाही."

तीन दुपारी ते आमच्याकडे आले. पहिल्या दिवशी दाढी घोटून, पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून. मी वीतभर तबकडीवर माती थापून बाजूनं चेहरा करायला घेतला. ते एकदम ताठ बसायचे, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचे. मी म्हटलं, बोललात तरी चालेल. मग बोलायला लागले. बायको नाकाला सुकाणू म्हणायची, म्हणाले. ती गेल्यावर त्या नाकाकडे कुणी धड पाहिलंच नाही. मुलगा घरी येतो तो फोनमध्ये, सून तिच्या खोलीत, नातीशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर देते. "दिवसभरात माझ्याकडे इतका वेळ बघणारी तू एकटीच," असं म्हणून हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "राजा कसा होता गं हा? चांगला होता का?"

मी नाकाच्या शेंड्यावरची माती अंगठ्यानं दाबत होते. सांगायची ती वेळ होती. मी म्हटलं, "लोकांच्या चांगला लक्षात राहिला."

"मग झालं," ते म्हणाले.

मातीवरून छोटा साचा झाला, साच्यातून मऊ धातूची नाणी ओतली. खरं रोमन चांदीचं नाणं आपल्या जुन्या चार आण्याएवढं असतं. सिनेमात ते दिसत नाही म्हणून आम्ही दहा रुपयांच्या नाण्याएवढं केलं. कडा मुद्दाम वेड्यावाकड्या ठेवल्या, काळा रंग फासून पुसला. नाक सुरेख उतरलं होतं. मालकानं नाणं बोटांत फिरवलं आणि पहिल्यांदाच मला "व्हेरी गुड" म्हणाला.

वर्कशॉपबाहेर एकही नाणं न्यायचं नाही असा नियम होता. मी एक पर्समध्ये टाकून आणलं आणि काकांना दिलं. त्यांनी ते पाकिटात बायकोच्या फोटोमागे ठेवलं. आठवड्याभरात सगळ्या मंडळींनी ते पाहिलं होतं. कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमधल्या, खाण्याच्या गाळ्यांतल्या, कॉफीवाल्या आजीनंसुद्धा. "पुढच्या वर्षी सिनेमा येतोय," ते सांगायचे, "मी सम्राट आहे त्यात."

इकडे आम्ही नाणी फोडायला घेतली. प्रत्येक टेकला नवं नाणं लागतं, आणि नटाचा घाव नेमका बसावा म्हणून त्यावर आधीच खाच पाडून ठेवावी लागते. काही अर्धी फुटलेली, काही पूर्ण. या कामाला दोन माणसं होती. मी त्यांना दुसरं काम दिलं आणि पहिली छिन्नी स्वतः लावली. डोळा लगेच जातो. नाकाला तीन घाव लागतात, कारण धातू मऊ असतो, तुटत नाही, दबतो. मी दुपारपर्यंत तेच करत होते. मला बरं वाटत होतं. जेवायला उठले तेव्हा भूकसुद्धा चांगली लागली होती.

वर्षभरानं सिनेमा आला, घरच्या टीव्हीवर बघता येईल असा. काकांच्या मुलानं रविवारी दुपारी सगळ्यांना बोलावलं. सुनेनं बटाटेवडे केले होते. काका इस्त्रीचा कुर्ता घालून मधल्या खुर्चीत बसले होते, आठदहा वर्षांची नात त्यांच्या पायाशी. मला काही कारण काढून टाळता आलं असतं. मी गेले, आणि पडदा न बघता त्यांचा चेहरा दिसेल अशी जागा धरून बसले.

पाऊण तास कुठेच नाणं नव्हतं. "येईल, येईल," काका लोकांना सांगत होते. मग बाजार आला. दगडावर नाणं ठेवलं गेलं आणि अख्ख्या पडद्यावर त्यांचा चेहरा. "हे बघा!" ते अर्धे उठले. त्याच क्षणी छिन्नी आली आणि डोळा गेला. दुसरा घाव नाकावर. तिसरा. लोक ओरडत होते, थुंकत होते. मग सैनिकानं ते नाणं शौचालयाच्या दारावर ठोकलं आणि आत गेला.

काका अजून अर्धे उभेच होते. मग त्यांचा मुलगा हसला. आधी नाकातून, मग पोट धरून. "बाबा, नाक गेलं की हो तुमचं! संडासाच्या दारावर!"

नात मान वर करून म्हणाली, "आजोबा, they don't like you lah."

मग सगळेच हसले. मीही हसले. काका खाली बसले आणि तेही हसले. मुलानं रिमोट घेतला आणि तो भाग पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा सैनिक दारात शिरला तेव्हा काका म्हणाले, "पुरे रे आता. पुढे बघू." मुलानं चौथ्यांदा लावला.

तो दिवस तिथे संपला असता तर मी हे लिहायला बसले नसते. पण त्या घराला आता हत्यार मिळालं होतं. सून लिफ्टमध्ये मला हसत हसत सांगायची, "आम्ही त्यांना सम्राटच म्हणतो. सम्राट, पाय वर घ्या, लादी पुसायचीय." मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी त्या फुटक्या नाण्याचं स्टिकर केलं. काकांनी काही सल्ला लिहिला की खाली ते स्टिकर यायचं, पाठोपाठ पाचसहा जणांचं. आधी लोक त्यांचं बोलणं कंटाळून ऐकत. आता ऐकायची गरजच उरली नव्हती. वाढदिवसाच्या जेवणाला ते काही सांगू लागले की कुणीतरी स्वतःच्या नाकावर बोट आडवं ओढायचं. दोनतीन महिन्यांत त्यांनी तोंड उघडणं सोडलं. ग्रुपवर मी स्टिकर कधी टाकलं नाही. टाकू नका असंही कधी लिहिलं नाही.

एका दुपारी दाराची बेल वाजली. काका होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारलं, "तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"हो."

"मला बसवलंस तेव्हाही?"

"त्याच्या आधीपासून."

"मग मलाच का?"

मी गणपतीतलं सगळं सांगितलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे, डोक्यावरच्या हातासकट. ते कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले, इंजिनातला आवाज ऐकावा तसे. मग म्हणाले, "मला आठवत नाही."

"मला आठवतं."

"मी असं म्हटलं असेन तर कौतुकानं म्हटलं असेन."

"कौतुकानंच म्हणालात."

ते जायला वळले. दोन पावलं गेले, थांबले आणि पुन्हा माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. आवाज अजिबात चढवला नाही. "मग देवानं बरंच केलं म्हणायचं," ते म्हणाले, "तुझ्या पदरात मूल घातलं नाही ते." या वेळी त्यांना आपण काय बोलतो आहोत ते नीट कळत होतं. माझ्या चेहऱ्यावर ते पोचलं की नाही हे पाहायला क्षणभर थांबले, आणि लिफ्टकडे गेले.

मी दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली, घासलेलीच. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, काय झालं. म्हटलं, काका येऊन गेले, सिनेमावरून थोडे रागावलेत. तो म्हणाला, म्हातारी माणसं मनाला लावून घेतात.

पावसाळ्याआधी काका नाशिकला धाकट्या भावाकडे राहायला गेले. जाताना कुणाला भेटले नाहीत, की कुणी त्यांना निरोप द्यायला गेलं नाही, हे मला नक्की सांगता येणार नाही. मी गेले नाही. ग्रुपवर एक दिवस त्यांचा नंबर बाहेर पडल्याची ओळ आली. तिच्याखालीही कुणीतरी स्टिकर टाकलं.

मागच्या महिन्यात त्यांचा मुलगा लिफ्टमध्ये भेटला. मी विचारलं, काका कसे आहेत. "मजेत," तो म्हणाला. "वहिनी, तुमची फार आठवण काढतात."

"काय म्हणतात?"

तो फोनवर काहीतरी टाइप करत होता. "काही नाही, असंच," म्हणाला. पाचवा मजला आला, दार उघडलं, आणि तो मान वर न करता बाहेर पडला.